साहेबांचं दार उघडं असतानाही लाइनवरची माणसं गप्प का?

चाकणच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. मोठं आहे, म्हणून त्यातला गाभा देते.

‘ताई, नमस्कार. मी चाकण एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढतात त्या विभागात, शिफ्ट इन-चार्ज आहे. मूळचा लातूरकडचा. आयटीआय करून ऑपरेटर म्हणून लागलो, डिप्लोमा नंतर केला. माझ्या शिफ्टला परमनंट माणसं थोडी, बाकी ठेकेदाराची आणि ट्रेनी मुलं. गेल्या वर्षी नवीन प्लांट हेड आले. माणूस वाईट नाही. आमच्यासारखाच युनिफॉर्म घालतात, कॅन्टीनमध्ये आमच्या रांगेत उभे राहतात. दर महिन्याला टाऊन हॉल, म्हणजे सगळ्यांची सभा, घेतात आणि सांगतात, “माझं दार उघडं आहे, काहीही असेल तर थेट या.” कोणी जात नाही. एकदा एका हेल्परने पंख्याबद्दल विचारलं, तर दुसऱ्याच आठवड्यात ठेकेदाराने त्याला लोडिंगला पाठवलं. तेव्हापासून टाऊन हॉलमध्ये सगळे खाली मान घालून बसतात. १०० टनी प्रेसचा लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेला की प्रेस थांबवणारा किरणांचा पडदा, महिनाभर बायपास (वायर टाकून निकामी केलेला) आहे, त्याच्या सुट्या भागाचा इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, दोनदा परत आला. मी मीटिंगमध्ये विषय काढला, तर “प्रॉब्लेम नको, सोल्यूशन घेऊन या” असं ऐकवलं. आता एंगेजमेंट सर्व्हेत (कामगारांना कंपनीबद्दल काय वाटतं ते विचारणाऱ्या) माझ्या शिफ्टचा स्कोअर सगळ्यात कमी आला. प्लांट हेडनी बोलावून विचारलं, “तुझी माणसं बोलत का नाहीत? पुढच्या वेळी स्कोअर वाढला पाहिजे.” वरचे म्हणतात, तू कामगारांची वकिली करतोस. खालचे म्हणतात, तू कंपनीचा माणूस. मी काय करू? नोकरी बदलू का?’

नमस्कार.

तुम्ही सगळ्यात जास्त लिहिलंय ते गप्प बसणाऱ्या माणसांबद्दल आणि सर्व्हेच्या स्कोअरबद्दल. कर्टनचा विषय मध्येच दोन वाक्यांत उरकलाय. मी आधी कर्टनचंच बोलणार आहे, कारण बाकीच्या गोष्टींना महिना लागला तरी चालेल, याला एक रात्रसुद्धा देता येणार नाही.

ती प्रेस बंद करा. आजच्या शिफ्टला. मेन स्विचला कुलूप घाला, टॅग लावा, किल्ली तुमच्याकडे ठेवा. बायपासची वायर ज्याने टाकली असेल त्याला दोष देत बसू नका. ती वायर का पडते, हे तुम्हालाही माहीत आहे. तेलाचे तुषार उडून लेन्सवर थर बसतो, प्रेसच्या हादऱ्याने किरण पकडणारा रिसीव्हर जागचा हलतो, मग कोणाचा हात मध्ये नसतानाही किरण तुटतो आणि प्रेसची खाली येणारी स्लाइड थांबते. दर तासाचा आकडा बोर्डावर लिहायचा असतो. दहा वेळा खोटं ट्रिपिंग झालं की अकराव्या वेळी कोणीतरी जम्पर, म्हणजे ती बायपासची वायर, टाकतो आणि आकडा भरतो. त्या तासाला सगळे खूश होतात. ऑपरेटर मुलगा मात्र कर्टन चालू आहे अशाच सवयीने नग उचलायला हात आत घालत राहतो.

यात आणखी एक गोष्ट तपासून घ्या. तुमच्या शॉपमध्ये जुन्या पिन क्लचच्या प्रेस असतील, तर त्यांच्यावर नुसता कर्टन लावून भागत नाही. तिथे स्ट्रोक एकदा सुटला की पूर्ण होऊनच थांबतो, मध्येच किरण तुटला तरी. त्या प्रेसला पक्कं गार्डच हवं, हात आत जाणारच नाही असं. ऑडिटला आलेल्या माणसाला कर्टनचे दोन पिवळे खांब दिसतात आणि तो पुढे जातो. क्लच कुठला आहे, हे विचारणारा क्वचित भेटतो. तुम्ही स्वतः ऑपरेटर होतात, तुम्ही विचारा.

कोणी म्हणेल, ताई, डिस्पॅच अडकेल. अडकेल, खरं आहे. त्यासाठी डाय, म्हणजे नगाचा साचा, दुसऱ्या चालू कर्टनच्या प्रेसवर चढवता येतो का ते बघा, नसेल तर नग कमी जातील. ईएसआय म्हणजे कामगार विमा कायद्याच्या परिशिष्टात बोटांचे टक्के छापलेले आहेत. अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं बोट १२, करंगळी ७. चाकण-भोसरी पट्ट्यात हे आकडे तोंडपाठ असलेली वीस-बावीस वर्षांची मुलं आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-ओडिशातून आलेली, महाळुंगे-खराबवाडीच्या खोल्यांत चार-चार जण मिळून राहणारी. गावी परत गेल्यावर त्या हाताने पुन्हा प्रेसवर कोणी घेत नाही आणि शेतीची कामंही धड होत नाहीत. ७ टक्के म्हणजे काय, हे त्या मुलाच्या घरी विचारावं.

आणि तुमच्यापुरतं सांगते. अपघात झाला की चौकशीत पहिला प्रश्न असतो, शिफ्ट कोणाची होती? इंडेंट दोनदा परत कोणी पाठवला, हा प्रश्न फार उशिरा येतो, कधीकधी येतच नाही. म्हणून प्रेस बंद केल्याच्या रात्रीच मेल टाका. प्लांट हेड, मेन्टेनन्स आणि सेफ्टी ऑफिसर या तिघांनाही एकाच मेलमध्ये. तक्रारीचा सूर नको. असं काहीतरी लिहा: ‘१०० टनी प्रेसचा लाइट कर्टन अमुक तारखेपासून बंद आहे. इंडेंट अमुक आणि अमुक तारखेला परत आला. कर्टनशिवाय प्रेस चालवणं धोक्याचं असल्याने मी ती आज रात्रीपासून बंद ठेवली आहे. यामुळे शिफ्टला इतके नग कमी पडतील. डाय तीन नंबरच्या प्रेसवर लावल्यास त्यातले इतके भरून निघतील. रिसीव्हर कधी मिळेल, हे गुरुवारपर्यंत कळवावं.’ बस, एवढंच. ‘सोल्यूशन घेऊन या’ म्हणणाऱ्यांना यात सोल्यूशनही आहे. राहिलेला भाग पैशाचा आहे, आणि पैशाची सही तुमच्या हातात नाही, ती त्यांच्या हातात आहे. हे त्यांना लेखी दिसलं पाहिजे.

त्या ‘प्रॉब्लेम नको, सोल्यूशन घेऊन या’ या वाक्यावर माझा राग आहे आणि तो लपवत नाही. व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणांत हे वाक्य फार चालतं. ऐकायला कर्तबगारीचं वाटतं. पण ज्याला धोका दिसतो, त्याच्याकडे तो दूर करायचं बजेट नसतं. त्याला तोडगा सुचेपर्यंत गप्प बसायला सांगितलं, की धोका जिथल्या तिथे राहतो आणि वरच्या माणसाला तो दिसायचा बंद होतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. माणसं बोलत का नाहीत?

ती घाबरट नाहीत आणि त्यांना बोलता येत नाही असंही नाही. कॅन्टीनच्या मागे चहा पिताना तुमच्या शॉपमधल्या प्रत्येक मशीनची कुंडली ती मांडत असतील. ती टाऊन हॉलमध्ये गप्प आहेत, कारण त्यांनी पंख्याबद्दल विचारणाऱ्याचं काय झालं ते पाहिलं. कदाचित प्लांट हेडना त्या बदलीचा पत्ताही नसेल. ठेकेदाराच्या माणसाने परस्पर केलं असेल, ‘साहेबांसमोर कशाला तोंड उघडलंस’ म्हणून. पण खाली बसलेल्या शंभर जणांनी त्याचा एकच अर्थ लावला आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तोच लावला असता. ठेकेदाराच्या कामगाराला नोटीस लागत नाही, चार्जशीट लागत नाही. ‘उद्यापासून येऊ नको’ एवढं फोनवर सांगितलं, की गेटवर त्याचा पास चालत नाही. असं जगणाऱ्या माणसाला उघड्या दाराचा उपयोग काय? त्या दारापर्यंत जाताना त्याला सुपरवायझर, ठेकेदार आणि एचआर अशा तिघांच्या समोरून जावं लागतं.

मी पिंपरी-भोसरीच्या इंजिनिअरिंग कारखान्यांत पर्सोनेल खात्यात बरीच वर्षं काढली. एका कारखान्यात टाइम ऑफिसच्या भिंतीवर सूचनापेटी होती. हिरव्या रंगाची, छोटं पितळी कुलूप लावलेली. एकदा त्यातून एक चिठ्ठी निघाली, पेनाने खोडून खोडून लिहिलेली. रात्रपाळीला नाश्ता संपतो, शेवटच्या बॅचला नुसता चहा मिळतो, असं त्यात होतं. मीटिंगमध्ये ती चिठ्ठी हातोहात फिरली आणि दोन-तीन सुपरवायझर हजेरीचं रजिस्टर काढून अक्षर जुळवायला बसले. नाश्त्याबद्दल त्या दिवशी कोणी बोललं नाही. चिठ्ठी लिहिणारा सापडला की नाही, हे मला आठवत नाही. पण पेटीत पुढे काही आलं नाही, हे नक्की आठवतं. वर्षअखेरच्या अहवालात मात्र ‘तक्रारी : निरंक’ असं गेलं आणि वरच्या मंडळींनी ते समाधानाने वाचलं.

वरच्यांना चित्र छान दिसतं ते असं. कोणी मुद्दाम खोटं बोलतो असंही नाही. ऑपरेटर सांगतो, ‘कर्टन बंद आहे, हात जाईल.’ तुम्ही वर सांगता, ‘कर्टनचा थोडा इश्यू आहे.’ मेन्टेनन्सचा मॅनेजर सांगतो, ‘स्पेअर पाइपलाइनमध्ये आहे.’ प्लांट हेड बोर्डाच्या बैठकीत हिरवा ठिपका दाखवतात. प्रत्येकाने फक्त एकच शब्द मऊ केला. नासामध्येसुद्धा हेच झालं होतं. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, सात जण गेले. आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर सांगत होते की, एवढ्या थंडीत बूस्टरचे सांधे बंद ठेवणारी रबरी ओ-रिंग दगा देईल, उड्डाण करू नका. त्यांच्याच व्यवस्थापनाने शेवटी होकार कळवला. चौकशी आयोगावर रिचर्ड फाइनमन हे भौतिकशास्त्रज्ञ होते. यान गमावण्याची शक्यता किती, असं त्यांनी विचारून पाहिलं, तेव्हा काम करणारे इंजिनिअर साधारण शंभरात एक म्हणत होते आणि व्यवस्थापन लाखात एक म्हणत होतं. यान तेच, कागद तेच, आणि अंदाजात हजार पटींचा फरक. तुमच्या प्रेस शॉपमध्ये तो फरक किती आहे, हे जाणून घ्यायचं असेल, तर सर्व्हेचा उपयोग नाही. एकच प्रश्न ऑपरेटरला आणि प्लांट हेडना वेगवेगळा विचारा: ‘या वर्षी या शॉपमध्ये कोणाचं बोट जाईल, असं वाटतं का?’

युनिफॉर्म आणि कॅन्टीनबद्दलही तुम्ही लिहिलंय. साहेब रांगेत उभे राहतात हे चांगलंच आहे, ते थांबवू नये. पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. मारुतीमध्ये सुझुकीच्या जपानी पद्धतीप्रमाणे सुरुवातीपासून वरिष्ठांपासून कामगारापर्यंत एकच युनिफॉर्म आणि एकच कॅन्टीन होतं. देशभर त्याचं कौतुक झालं. त्याच कंपनीच्या मानेसर कारखान्यात २०११ मध्ये संप झाले आणि १८ जुलै २०१२ ला हिंसाचार झाला. मनुष्यबळ खात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा त्यात जीव गेला, पुष्कळ जण जखमी झाले आणि कारखाना महिनाभर बंद राहिला. त्या हिंसेचं समर्थन कोणीच करू शकत नाही. पण स्वतःची युनियन हवी, कंत्राटी कामगार आणि परमनंट कामगार यांच्यातली तफावत कमी व्हावी, या मागण्या त्याआधी वर्षभर तरी सगळ्यांसमोर होत्या. एकाच रंगाचा शर्ट घातलेल्या दोन माणसांच्या पगारात आणि नोकरीच्या खात्रीत जमीन-अस्मानाचा फरक असेल, तर शर्टाने तो झाकला जात नाही.

मग तुम्ही करायचं काय? तुमच्या हातात असलेल्या गोष्टींपासून सुरुवात करा. मोठी सुरुवात नको.

शिफ्टच्या सुरुवातीला टूलबॉक्स टॉक, म्हणजे लाइनवरच्या माणसांशी पाच-दहा मिनिटांचं बोलणं, घेतच असाल. बहुतेक ठिकाणी ते म्हणजे सूचनांचं वाचन असतं. त्यातली तीन मिनिटं तुम्ही बोलू नका, विचारा. हिंदीत विचारा, कारण तुमची अर्धी मुलं मराठी नाहीत. ‘काही अडचण?’ असं विचारलं तर ‘नाही साहेब’ हेच उत्तर येणार. नेमकं विचारा: काल रात्री कुठली प्रेस अडकली? नग उचलायला चिमटा आहे का, की हातानेच? ओव्हरटाइमचे तास बरोबर लागले का? हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम घातलाय. सुरक्षेवर बोला म्हटलं की लोक बोलत नाहीत, कारण त्यांच्या मनात पगार असतो. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा, हे कायद्यात आहे आणि ठेकेदाराच्या हजेरीपत्रकात ते तास हरवतात, हे सगळ्यांना माहीत असतं. चार जणांचे हरवलेले तास तुम्ही टाइम ऑफिसमधून शोधून परत आणलेत, तर पाचवा माणूस तुम्हाला येऊन प्रेसबद्दल सांगेल.

एक वही ठेवा. तारीख, काय सांगितलं, कोणाकडे पाठवलं, काय उत्तर आलं. सांगणाऱ्याचं नाव वहीत लिहू नका. आणि उत्तर आलं की ते खाली येऊन सांगा, सगळ्यांसमोर, त्याच तीन मिनिटांत. नकार आला तर नकार सांगा, कारणासकट. ‘पंखा या तिमाहीत नाही, एप्रिलमध्ये आहे, मी एक तारखेला पुन्हा विचारणार आहे.’ नकार ऐकून माणसं नाराज होतात, पण विचारलेलं कुठेतरी पोचलं, हे त्यांना कळतं. त्यांना खचवतं ते काहीच परत न येणं. पहिले पंधरा-वीस दिवस कोणी फार बोलणार नाही. ते तुमची परीक्षा बघत असतील. लहानशा गोष्टी येतील, हातमोजे फाटलेत, कूलरचं पाणी गरम येतं, बस नाक्यावर थांबत नाही. त्या लहान म्हणून सोडू नका. कूलरबद्दल बोललेला माणूस लोडिंगला गेला नाही, हे सगळ्यांनी बघितलं, की मग कर्टनबद्दल बोलायला सुरुवात होते.

आणि जर कोणी गेलाच लोडिंगला, तर तुम्ही मध्ये पडायचं. इथे तुमची खरी कसोटी आहे. ठेकेदाराच्या माणसाला स्पष्ट सांगा की माझ्या शिफ्टचा माणूस मला विचारल्याशिवाय हलवायचा नाही, आणि ते एचआरला लेखी कळवा. पंख्याबद्दल विचारणारा तो हेल्पर अजून कंपनीत असेल, तर त्याला परत मागून घ्या. बाकी काही केलं नाहीत आणि एवढं केलंत, तरी दहा टाऊन हॉलपेक्षा त्याचा परिणाम जास्त होईल.

टोयोटाची अँडन दोरी तुम्ही ट्रेनिंगमध्ये ऐकली असेल. लाइनवरचा कुठलाही कामगार दोष दिसला की दोरी ओढतो. आपल्याकडे कितीतरी कारखान्यांनी ती दोरी किंवा तिचं बटण बसवलं आणि त्यावर धूळ बसली. टोयोटामध्ये दोरी ओढली की टीम लीडर काही सेकंदांत तिथे हजर होतो, तुटलं काय ते बघतो, ठरावीक जागेपर्यंत सुटलं नाही तर लाइन थांबते, आणि ओढणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. भांडणं, गैरहजेरी आणि वाईट गाड्या यांसाठी बदनाम. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून तो पुन्हा सुरू केला. बरेचसे कामगार जुनेच घेतले, युनियनही तीच. थोड्याच काळात तिथल्या गाड्या जपानी गाड्यांच्या तोडीच्या निघू लागल्या आणि गैरहजेरी घसरली. माणसं बदलली नव्हती. दोरी ओढल्यावर धावत येणारा माणूस नवीन होता. तुमच्या शॉपमध्ये तो माणूस तुम्ही आहात, म्हणून मी तुमच्या मागे एवढी लागले आहे.

आता प्लांट हेड. ‘तुझी माणसं बोलत का नाहीत’ असं त्यांनी विचारलं, याला मी संधी समजते. निदान त्यांनी विचारलं. त्यांना उत्तर केबिनमध्ये देऊ नका. म्हणा, ‘सर, एकदा तिसऱ्या शिफ्टला रात्री अडीचला या. एकटे या. एका प्रेससमोर तासभर उभे राहा, कोणाला काही विचारू नका.’ टोयोटाचे ताइची ओनो आपल्या इंजिनिअरांना जमिनीवर खडूने गोल आखून त्यात उभं करायचे आणि काय दिसतं ते बघ म्हणायचे, तासन्‌तास. त्यामागे हाच विचार होता. दुपारी, एचआर आणि तीन मॅनेजर घेऊन केलेल्या फेरीत धुतलेली फरशी दिसते. रात्री अडीचला त्यांना दिसेल की तेलाचा थर बसलेली लेन्स मुलगा चिंधीने पुसतोय, मेन्टेनन्सचा एकच फिटर पाच मशिनींना पुरवला जातोय, स्टोअरला कुलूप आहे आणि बोर्डावर तासाचा आकडा लाल आहे. आणि एक विनंती: ते येणार आहेत हे कळल्यावर शॉप आवरून ठेवू नका. हा मोह सगळ्या इन-चार्जना होतो. नेहमी चालतं तसंच चालू द्या.

प्लांट हेडच्या बाजूनेही दोन शब्द बोलायला हवेत. सुट्या भागांच्या कंपन्यांना गाडी बनवणारी मोठी कंपनी दरवर्षी दर कमी करायला लावते आणि नग वेळेवर गेले नाहीत, त्यांची लाइन थांबली, तर त्याचा भुर्दंड यांच्यावर. तो ताण प्लांट हेडवर येतो, तिथून तुमच्यावर आणि तुमच्याकडून प्रेसवरच्या मुलावर. कर्टनचा इंडेंट परत जातो तो बहुधा याच ओढाताणीत, कोणाच्या दुष्टपणामुळे नाही. पण ताण खरा असला, तरी त्याची किंमत सगळ्यात कमी पगाराच्या माणसाच्या बोटांनी भरायची, हे मला मान्य नाही. मेलमध्ये तुम्ही नग आणि तारीख लिहिलीत, की प्लांट हेडच्या हातातही वर दाखवायला काहीतरी येतं. कदाचित तेही अशाच कागदाची वाट बघत असतील.

कायद्याचं थोडक्यात. २० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती असावी लागते, त्यात मालक आणि कामगार दोन्ही बाजूंचे सभासद सारख्या संख्येने. पूर्वी ही तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात होती, आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत आहे. तुमच्या कंपनीत ती कागदावर असणारच. सभासद कोण आहेत, शेवटची बैठक कधी झाली, हे एचआरला साधेपणाने विचारा. कंत्राटी कामगारांचं तिथे कोण बोलतं, हेही विचारा. ४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथ घेतली जाते, तेव्हा बॅनर लागतात, फोटो निघतात. त्या दिवसाचा उपयोग करून घ्या. या वर्षी शपथेआधी बंद असलेल्या गार्डची यादी वाचा, असं सेफ्टी ऑफिसरला सुचवून बघा. मेल टाकूनही कोणी प्रेस पुन्हा कर्टनशिवाय चालू केली, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जायचा मार्ग मोकळा आहे. ते पाऊल मोठं आहे, त्याचे परिणाम नोकरीवर होऊ शकतात आणि मी ते हलकं करून सांगणार नाही. पण मेलची प्रत जवळ असेल, तर तुम्ही एकटे पडणार नाही.

सर्व्हेच्या स्कोअरचं काय? तो वाढवायला मुलांना ‘चार-पाचवर टिक करा’ असं चुकूनही सांगू नका. बऱ्याच शिफ्टमध्ये तसं सांगितलं जातं, म्हणून तर त्यांचे स्कोअर चांगले आहेत. तुमच्या शिफ्टचा कमी आला, याचा अर्थ तुमच्या माणसांनी निदान कागदावर खरं लिहिलं. मला तर तो तुमच्यावरचा विश्वास वाटतो. प्लांट हेडनाही हेच सांगा, शांतपणे.

वकील की चमचा, या दोन शिव्यांचा त्रास होतोय, ते पत्रात जाणवतं. तुम्ही स्वतः त्या प्रेसवर उभे राहिलेले आहात, म्हणून खालची माणसं तुमच्याकडून जास्त अपेक्षा करतात. वरच्यांना अडचणी ऐकायची सवय नसते, म्हणून त्यांना ती वकिली वाटते. दोन्हीकडे तेच वाक्य, त्याच शब्दांत सांगायची सवय लावून घ्या. मीटिंगमध्ये ‘थोडा इश्यू’ आणि लाइनवर ‘वरचे ऐकतच नाहीत’, असं दोन तोंडांनी बोललात, की दोन्ही शिव्या खऱ्या ठरतील. मीटिंगमध्येही म्हणा, ‘कर्टन बंद आहे, हात जाईल.’ लाइनवर येऊन म्हणा, ‘मी हे सांगितलं, त्यांनी गुरुवारपर्यंत वेळ मागितलाय.’

राहिला नोकरीचा प्रश्न. तीन महिने द्या. तेवढ्यात कर्टन बसला, तो हेल्पर परत आला, वहीतल्या निम्म्या ओळींसमोर काहीतरी उत्तर आलं, तर राहा. चांगला इन-चार्ज मिळायला त्या मुलांनाही नशीब लागतं. पण तुमच्या नकळत प्रेस पुन्हा बायपासवर चालू झाली, किंवा मेल का टाकला म्हणून तुम्हालाच बोलावून दटावलं, तर तीन महिनेही थांबू नका. चाकण, रांजणगाव, तळेगाव या पट्ट्यात डाय सेटिंग जाणणाऱ्या आणि माणसं सांभाळणाऱ्या इन-चार्जला काम मिळतं. दुसरी ऑफर हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका, घरचे हप्ते असतील. इंटरव्ह्यूला गेलात की शॉप फ्लोअर दाखवा म्हणा, आणि प्रेसच्या मागे जाऊन कंट्रोल पॅनेलमध्ये जम्पर आहे का ते स्वतः बघा.